मागणं आणि अडवणं : भीक, कायदा आणि बोलण्याचं स्वातंत्र्य

(शहागड, ता. अंबड, जि. जालना येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव जरा जड आहे, पण प्रश्न साधा आहे. रस्त्यात उभं राहून दुसऱ्याकडे पैसे मागणं हा गुन्हा असावा का? आणि मागणारा अंगावर येत असेल, वाट अडवत असेल, तर मग काय करायचं?

तुम्ही म्हणाल, सर, हा शहरातला विषय. शहागडात कुठला आलाय सिग्नल? खरं आहे. पण आपलं गाव सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. गाड्या जिथे थांबतात तिथे मागणारे येतातच. आणि आपल्या दारात तर ते पिढ्यानपिढ्या येतात : वासुदेव, पिंगळा, पोतराज, नंदीबैलवाला, बहुरूपी. तेव्हा विषय आपलाही आहे.

तीन गोष्टी क्रमानं घेऊ. मागणं म्हणजे नेमकं काय, आपला कायदा त्याला काय म्हणतो, आणि त्रासदायक मागण्याला आवर घालायचा तर नियम कसा असावा. शेवटी प्रश्न घेऊच.

मागणं म्हणजे काय?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून सवयीनं आधी शब्दाची फोड करतो. जे. एल. ऑस्टिन नावाचे एक इंग्रज तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली आणि एक साधी गोष्ट दाखवून दिली. आपण बोलतो तेव्हा नुसती माहिती देत नाही, बोलण्यातून काहीतरी करतही असतो. वचन देतो, हुकूम सोडतो, धमकी देतो, विनंती करतो. शब्द तेच राहतात आणि कृती बदलते. ‘शंभर रुपये दे’ हे वाक्य घ्या. मित्र म्हणाला तर ती उसनवारी. मालकाला नोकर म्हणाला तर मजुरीची मागणी. अंधारात चाकू दाखवून कुणी म्हणालं तर लूट. वाक्य एकच आहे.

मग विनंती आणि धमकी यांतला फरक कुठे शोधायचा? माझ्या मते एकाच ठिकाणी : ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे की नाही. ‘नाही’ म्हणून तो सुखरूप पुढे जाऊ शकत असेल तर ती विनंती. ‘नाही’ म्हटल्यावर काहीतरी भोगावं लागणार असेल तर ती जबरदस्ती. एवढी कसोटी लक्षात ठेवा. पुढचं सगळं व्याख्यान तिच्यावर उभं आहे.

ही कसोटी आपल्या परंपरेत नाही असं समजू नका. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दासबोधाच्या चौदाव्या दशकात ‘भिक्षानिरूपण’ नावाचा एक स्वतंत्र समास आहे. त्याचा आशय असा, की समोरच्यानं भरपूर आणलं तरी मूठभर घ्यावं आणि पुढे जावं. भिक्षेच्या निमित्तानं माणसं कळतात, ओळखी होतात. म्हणजे समर्थांच्या लेखी भिक्षा हे पोट भरण्याचं साधन होतंच, शिवाय लोकांशी बोलण्याचंही साधन होतं. अडून बसणं, जास्त उकळणं त्यात बसत नव्हतं.

नदीच्या वरच्या अंगाला पैठण. नाथांनी भारुडं लिहिली ती कुणाच्या तोंडून? वासुदेवाच्या, जोशाच्या, गोंधळ्याच्या, जोगवा मागणाऱ्याच्या. दारोदार मागणाऱ्या माणसाची भाषा उचलून नाथांनी तिच्यात अध्यात्म सांगितलं. मागणाऱ्याच्या बोलण्यातून मराठी साहित्याचा एक प्रकार उभा राहिला. तेव्हा ‘मागणं हे बोलणं आहे का’ असा प्रश्न कुणी इंग्रजीतून विचारला तर मराठी माणसानं फार गोंधळून जायचं कारण नाही.

१९५९ चा कायदा काय म्हणतो?

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे लागू आहे तो मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९. त्याच्याआधी १९४५ चा मुंबईचा भिक्षेकरी कायदा होता. १९५९ चा कायदा पुढे दिल्लीला लागू झाला. वीसेक राज्यांत आज एकतर हाच कायदा आहे किंवा याच्या वळणाचा दुसरा आहे.

यातली ‘भीक मागणं’ याची व्याख्या लक्ष देऊन ऐका. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणं किंवा नुसती स्वीकारणं. मग ते गाणं म्हणून असो, नाचून असो, भविष्य सांगून असो, खेळ करून असो, की एखादी वस्तू विकायचं निमित्त करून असो. खाजगी जागेत भिक्षेसाठी शिरणं. जखम, व्यंग किंवा आजार दाखवून भिक्षा मिळवणं, मग ती जखम जनावराची का असेना. आणि शेवटी एक वेगळंच कलम आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत फिरणं किंवा थांबणं, की हा माणूस भिकेवर जगत असावा असं वाटावं.

या शेवटच्या कलमात माणसानं काही मागितलेलंही नसतं. तोंडातून शब्द काढलेला नसतो. तो फक्त गरीब दिसतो, आणि तेवढं पुरतं. या कल्पनेचं मूळ इंग्लंडच्या १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात आहे. नेपोलियनच्या लढाया संपल्यावर बेकार झालेले सैनिक रस्त्यावर दिसू लागले, त्या काळातला तो कायदा. विलायतेतली भीती आपण आपल्या पुस्तकात उतरवून घेतली.

पहिलं कलम पुन्हा आठवा : गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं. यात कोण सापडतो? गाणारा वासुदेव सापडतो. भविष्य सांगणारा पिंगळा सापडतो. नाचणारा पोतराज, सोंग आणणारा बहुरूपी सापडतो. ज्यांची कला आपण महोत्सवात मंचावर बोलावून, शाल-नारळ देऊन दाखवतो, तेच लोक मंचावरून उतरून रस्त्यावर आले की कायद्यानं भिकारी ठरतात.

शिक्षा काय? पोलिसाला वॉरंटशिवाय धरता येतं. खाजगी जागा असेल तर मात्र तिथं राहणाऱ्याची तक्रार लागते. न्यायालय थोडक्यात चौकशी करतं. ताकीद देऊन, हमी घेऊन सोडताही येतं. नाहीतर पहिल्याच वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. तुलना करून बघा. साध्या चोरीला भारतीय दंड संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि ‘कमीत कमी’ अशी अट नव्हती. म्हणजे भुकेला माणूस भाकरी चोरून महिनाभरात सुटू शकला असता, मागून मात्र वर्षभर आत जाऊ शकत होता.

न्यायालयांनी काय म्हटलं?

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) नं प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलंय. १९(२) मध्ये त्यावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत : देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यादी संपली. ‘लोकांची गैरसोय’ किंवा ‘शहर चांगलं दिसावं’ ही कारणं त्यात नाहीत.

‘सर्वसाधारण लोकहित’ हे कारणसुद्धा त्यात नाही, आणि हे पक्कं करून घेतलं ते एका मराठी वर्तमानपत्रानं. वर्तमानपत्रांची पानं आणि किंमत सरकार ठरवू पाहत होतं. पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ साली निकाल लागला. धंद्यावर लोकहितासाठी निर्बंध घालता येतात, बोलण्यावर मात्र १९(२) मधल्या कारणांशिवाय घालता येत नाहीत, असं न्यायालयानं सांगितलं. हा निकाल वर्तमानपत्रांच्या मालकांपुरता नाही. मागणं हे बोलणं ठरलं, तर तेच संरक्षण फूटपाथवरच्या माणसालाही मिळायला हवं.

ते बोलणं ठरतं का? दिल्ली उच्च न्यायालयात २००६ साली राम लखन नावाचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती बदर दुर्रेझ अहमद यांनी त्यात भीक मागणाऱ्यांचे चार प्रकार केले : आळसानं मागणारे, व्यसनासाठी मागणारे, टोळीच्या तावडीत सापडून मागणारे, आणि खरोखर उपाशी असल्यामुळे मागणारे. चौघांना एकाच मापानं मोजू नका, असं त्यांनी खालच्या न्यायालयांना सांगितलं. पुढे त्यांनी एक प्रश्न विचारला. आपण उपाशी आहोत हे सुखवस्तू माणसाला सांगायचा आणि त्याच्याकडे अन्न मागायचा हक्क उपाशी माणसाला नाही का?

८ ऑगस्ट २०१८ रोजी त्याच न्यायालयानं, प्रभारी मुख्य न्यायमूर्ती गीता मित्तल आणि न्यायमूर्ती सी. हरि शंकर यांनी, हर्ष मंदर आणि इतरांच्या याचिकांवर निकाल देताना १९५९ च्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. तिथे मुख्य भर होता समानता आणि जगण्याचा हक्क यांवर. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा करणारं कलम त्यांनी तसंच ठेवलं. ते लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

२५ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं तिथला १९६० चा कायदा रद्द केला. त्या निकालात मात्र स्पष्ट म्हटलंय, की आपली परिस्थिती शांतपणे दुसऱ्याला कळवणं आणि मदत मागणं ही अभिव्यक्तीच आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात, कोरोनाच्या काळात रस्त्यावरून भिकारी हटवा अशी मागणी आली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांनी ती मान्य केली नाही. असा उच्चभ्रू दृष्टिकोन आम्ही घेणार नाही, हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे, असं त्यांनी म्हटलं.

महाराष्ट्रात मात्र १९५९ चा कायदा आजही पुस्तकात आहे. दिल्लीचा निकाल दिल्लीत लागू. कायदा मुंबईनं दिला, दिल्लीनं टाकून दिला, आपण ठेवला.

आणखी एक तुलना करतो. १९९५ साली टाटा प्रेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं. आता एखाद्या मोठ्या चौकाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. वर चाळीस फुटी होर्डिंग आहे : घर घ्या, गाडी घ्या, दागिने घ्या. तेही आपल्याकडे पैसेच मागतंय. खाली एक म्हातारी हात पुढे करून उभी आहे. वरच्या मागण्याला घटनेचं संरक्षण आणि खालच्या मागण्याला अटक, हे कुठल्या तत्त्वानं सांगायचं? मला तरी तत्त्व सापडत नाही.

पण त्रास होतो त्याचं काय?

होतो. तो नाकारून चालणार नाही. सिग्नलला रिक्षात बसलेली मुलगी, एकटी. कुणीतरी आत हात घालतं, गालाला हात लावतं, दिले नाहीत तर शिव्याशाप देतं, टाळ्या पिटून चारचौघांत लाजवतं. तिला तिथून हलता येत नाही. आपली कसोटी लावा. तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का? नाही. मग ही विनंती राहिलेली नाही. हिला अभिव्यक्ती म्हणून पाठीशी घालण्याचं कारण नाही.

नागपुरात मार्च २०२३ मध्ये, जी-२० च्या बैठकांच्या तोंडावर, पोलिसांनी कलम १४४ खाली चौकात आणि सार्वजनिक ठिकाणी भीक मागायला बंदी केली. पुण्यात एप्रिल २०२४ मध्ये तृतीयपंथी आणि भिकारी यांनी सिग्नलवर थांबून लोकांकडून पैसे घेण्याविरुद्ध तसाच आदेश निघाला. लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. माझा आक्षेप आदेशाच्या घडणीवर आहे.

पहिला आक्षेप. १४४ हे कलम, आता नव्या संहितेत १६३, हे तातडीच्या धोक्यासाठी आहे. आदेशाची मुदत साधारण दोन महिने. अनुराधा भसीन प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय, की रास्त अभिव्यक्ती दाबण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही. कायमच्या प्रश्नाला तात्पुरतं कलम लावलं, की दोन महिन्यांनी प्रश्न तिथेच असतो आणि माणसं फक्त पुढच्या चौकात गेलेली असतात.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. आदेशानं कृत्याचं नाव घ्यायला हवं, माणसाच्या जातकुळीचं नाही. ‘कुणीही वाहन अडवू नये, अंगाला हात लावू नये’ हा नियम झाला. ‘तृतीयपंथीयांनी चौकात थांबू नये’ हा नियम नाही, ती हद्दपारी आहे. उद्या त्याच चौकातून एखादा तृतीयपंथी विद्यार्थी परीक्षेला निघाला तर पोलीस त्याला काय समजणार?

आणि गंमत अशी, की जबरदस्तीसाठी कायदे आधीपासून आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वाट अडवण्यासाठी कलम १२६ आहे, खंडणीसाठी ३०८, धमकीसाठी ३५१. मुलाला पळवून भिकेला लावणाऱ्यासाठी किंवा त्याला अपंग करणाऱ्यासाठी १३९ आहे. सगळ्यांना सारखं लागू. ही कलमं वापरायची तर तक्रार नोंदवावी लागते, पुरावा लागतो, टोळीच्या म्होरक्यापर्यंत जावं लागतं. गाडी भरून माणसं उचलणं त्यापेक्षा सोपं.

बाहेरच्यांनी काय केलं?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथल्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. १९९३ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची सरसकट भीकबंदी अपील न्यायालयानं रद्द केली. त्याआधी १९९० मध्ये मात्र भुयारी रेल्वेतली बंदी त्याच न्यायालयानं टिकवली होती. रेल्वेतला प्रवासी अडकलेला असतो, रस्त्यावरचा चालू लागू शकतो. आपलीच कसोटी.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरानं ‘आक्रमक’ भिकेविरुद्ध नियम केला. अंधार पडल्यावर मागायचं नाही, पैसे काढायच्या यंत्राजवळ मागायचं नाही, वगैरे. नाव ‘आक्रमक’, पण त्यात साधं, शांत मागणंही येत होतं. २०१५ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डचा नियमही गेला. तिथे फलक धरून उभं राहायला मुभा होती, ‘नंतर पैसे पाठवा’ म्हणायलाही मुभा होती, ‘आत्ता द्या’ म्हणायला मनाई. शब्दांवरून गुन्हा ठरत असेल तर तो बोलण्यावरचा निर्बंध आहे, असं न्यायालय म्हणालं.

युरोपात जिनिव्हा शहरानं एका गरीब रोमा स्त्रीला भीक मागितल्याबद्दल पाचशे फ्रँक दंड केला. ती भरू शकली नाही, म्हणून पाच दिवस तुरुंगात ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. अभिव्यक्तीच्या मुद्द्यात ते शिरलं नाही. मदतीसाठी दुसऱ्या माणसाकडे वळणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, या पायावर निकाल दिला. दोन्हीकडचे रस्ते वेगळे, पण सरसकट बंदी दोन्हीकडे टिकली नाही.

वर्गणी आणि भीक

आता जरा आपल्याच घरात डोकावू. राग मानू नका.

गणपती आले, जयंती आली, की महामार्गावर काय दिसतं? दोरी आडवी बांधायची, ट्रक थांबवायचा, पावती पुढे करायची. ड्रायव्हर परमुलखातला, आजूबाजूला दहा-पंधरा पोरं. त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का? सांगा ना. या कृत्यात आणि सिग्नलवरच्या जबरदस्तीत मला तरी फरक दिसत नाही. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. किती जण घेतात?

उलट चांगली मागणीही आपण पाहिली आहे. पैसा फंड आठवा. गावोगावच्या लोकांकडे एकेक पैसा मागून निधी उभारला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कुणी ‘नाही’ म्हटलं तर त्याची वाट अडवायची गरज नव्हती. १९५९ च्या कायद्यात ‘परवानगी घेऊन चांगल्या कामासाठी मागणं’ वगळलेलं आहे. ठीक. पण मग बघा काय झालं : दुसऱ्यासाठी मागितलं तर दान, स्वतःच्या पोटासाठी मागितलं तर गुन्हा. आणि दोरी बांधून मागितलं तर, पोरं आपलीच आहेत, जाऊ द्या!

नियम कृत्यावर असेल तर तो दोरीवाल्या पोरांनाही लागू होईल. म्हणूनच तो करायला आपण कचरतो, असं माझं मत आहे.

शिर्डीत काय झालं?

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील तर एक घटना सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत मोहीम झाली. सुमारे पन्नास भिक्षेकऱ्यांना धरून श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवलं. त्यांतल्या काहींची प्रकृती बिघडली म्हणून त्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात आणलं. त्यातले चार जण दगावले. आरोप झाले, खुलासे झाले. चूक कुणाची, तो निवाडा करायला मी न्यायाधीश नाही.

मला एवढंच दिसतं, की ज्या शिर्डीत साईबाबा ठरलेल्या पाच घरी भिक्षा मागून जगले, तिथे भिक्षा मागितली म्हणून धरलेली चार माणसं आठवडाभरही टिकली नाहीत. त्यांनी कुणाला अडवलं होतं का, कुणाच्या अंगाला हात लावला होता का, हे कायद्यानं विचारायची गरजच ठेवलेली नाही. व्याख्येत ‘मागणं’ आणि ‘अडवणं’ एकत्र कालवलं, की हे असं होतं.

त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं भिक्षेकरी गृहातल्या माणसांचा कामाचा मेहनताना दिवसाला ४० रुपये केला. त्याआधी किती होता माहीत आहे? महिन्याला पाच रुपये. सुधारणा झाली, चांगलं झालं. पण ‘यांना कष्ट करायला नको’ असं म्हणताना तो पाच रुपयांचा आकडाही आठवावा.

मग नियम कसा असावा?

चार ओळींत सांगतो. एक, नियम कृत्यावर असावा : अडवणं, स्पर्श करणं, ‘नाही’ म्हटल्यावर पाठलाग करणं, धमकावणं. दोन, तो सगळ्यांना सारखा असावा : भिकारी, तृतीयपंथी, वर्गणीवाले, प्रचारक, विक्रेते. तीन, जागेचं बंधन घालायचं तर कारण जागेत असावं. धावत्या रहदारीत उतरून मागणं धोक्याचं आहे, ते मागणाऱ्यालाही धोक्याचं आहे, तिथे बंधन चालेल. मंदिराच्या पायरीवर, बाजाराच्या कडेला शांत बसलेल्याला ते लावू नये. चार, मुलांना आणि अपंगांना भिकेला लावणाऱ्याला सोडू नये. दिल्ली न्यायालयानं ते कलम ठेवलं ते याचसाठी.

आणि निवारा, दवाखाना, रेशन, कामधंदा हे शिक्षेच्या रूपानं न देता मदत म्हणून द्यावं, दार बाहेरून कुलूप न लावता.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, बरेच जण ढोंग करतात. लंगडतात आणि कोपऱ्यावर गेले की पळतात. त्यांचं काय?

उत्तर : खोटं बोलून पैसे घेणं ही फसवणूक, त्याला वेगळं कलम आहे. पण एक सांगू? बळीकडे आलेला वामन तरी खरा बटू कुठे होता! मागणारा खोटा असू शकतो ही शंका दान जितकं जुनं तितकीच जुनी आहे. त्यावर उपाय सोपा आहे : देऊ नका. तुम्हाला न देण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. त्याचं मागणं आणि तुमचं ‘नाही’, दोन्ही एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत.

प्रश्न : गावात अनोळखी मागणारे आले की बायाबापड्यांना भीती वाटते. वेशीवर ‘प्रवेशबंदी’ची पाटी लावली तर?

उत्तर : भीती समजते. म्हणून राईनपाड्याची आठवण करून देतो. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. पिढीजात भिक्षा मागणारी माणसं होती ती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. ‘प्रवेशबंदी’ची पाटी तुम्ही सावधगिरी म्हणून लावाल. वाचणारा तिचा अर्थ काढेल, की आत दिसलेला माणूस गुन्हेगारच. शंका आली तर नाव-गाव विचारा, पोलीस पाटलाला बोलवा, पोलीस ठाण्यात फोन करा. पाटी लावायचीच तर त्या फोनचा नंबर लिहिलेली लावा.

प्रश्न : मग तुम्ही स्वतः भीक देता का?

उत्तर : (हसून) कधी देतो, कधी नाही. ठरलेला नियम नाही. पण देत नसलो तरी तोंड फिरवत नाही. ‘नाही रे बाबा, पुढं जा’ एवढं म्हणतो. तो बोललाय, तेव्हा उत्तर तर द्यायला हवं ना.

वेळ झाला.